दुसऱ्या ट्रेचं पाणी

मी पाड्यावरून निघाले त्या सकाळी आई मला सोडायला आली नाही. झिऱ्यावर तिचा नंबर लागला होता.

तुम्हा पाड्यावरच्या माणसांना यात नवल वाटायचं काही नाही. पण माझ्यासारखी बाहेर पडलेली जी मंडळी हे वाचतील, त्यांच्या मुलांनी झिरा बघितलेला नसेल, म्हणून सांगते. वैशाखात सूर्यमाळच्या आमच्या पाड्याची विहीर तळाला जाते. मग कोरड्या ओढ्यात माणूसभर खड्डा खणायचा. त्याच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पाझरतं, तो झिरा. एक बाई आत उतरते, वाटीने पाणी भरत राहते. एक हंडा व्हायला तास-दीड तास जातो. बाकीच्या वर उंबराच्या सावलीत आपापल्या हंड्यांशी बसून असतात. नंबर सोडला की दिवस गेला. पोरगी नाशिकला नोकरीला निघाली म्हणून कोणी नंबर सोडत नसतं, आणि आईने सोडला असता तर मलाच कसंतरी वाटलं असतं.

बा आणि मी झिऱ्यावरूनच गेलो. वरून मला आईचा फक्त अंबाडा दिसला, आणि वाटी धरलेला हात. मी हाक मारली तशी तिने मान वर केली, ऊन डोळ्यांवर आलं म्हणून कपाळाशी हात आडवा धरला.

"जा," ती म्हणाली. "हात राखून काम नको करू. आन् पानी जपून वापर."

एवढंच. परत ती वाकली. आठवणीत ती सकाळ मला नेहमी आवाजाशिवाय येते. बायांची तोंडं हलताना दिसतात, बाचा प्रार्थनेचा पांढरा सदरा पुढे चालताना दिसतो, सगळीकडे एक पांढरं ऊन पसरलेलं असतं, आणि आई खड्ड्यातून माझ्याशी बोलत असते. काय बोलली ते मला पाठ आहे म्हणूनच ऐकू येतं. जीपने खोडाळा, तिथून एसटीने त्र्यंबकवरून नाशिक. लोक विमानाने समुद्र ओलांडून परदेशी जातात. मी तीन तासांवर गेले, आणि तरी इतकी लांब गेले की अजून पूर्ण पोचलेय असं वाटत नव्हतं, परवापरवापर्यंत.

झिऱ्याची एक रीत होती. आपला हंडा भरला की तो उचलायच्या आधी तळाचा गाळ हातांनी खरवडून वर टाकायचा, म्हणजे मागचीला निवळ पाणी मिळतं. कंबर मोडलेली असते, हंडा चढावर न्यायचा असतो, घरी पोरं किरकिरत असतात, तरी गाळ काढल्याशिवाय वर यायचं नाही. तू काढलास का म्हणून आत डोकावून कोणी बघत नाही. मागची कोण आहे हेही विचारायचं नाही. कालच जिच्याशी कडाकडा भांडण झालं तीच असली तरी काढायचा.

आणि पाण्याला चार कामं असायची. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाय धुवायला, पायांचं गाळून परत गोठा शिंपायला, आणि त्यातूनही उरलं तर भोपळ्याच्या वेलाला. चांगलं पाणी सरळ मोरीत सोडणारी बाई म्हणजे उधळी. तिची पाड्यात जी नालस्ती व्हायची ती तिच्या माहेरपर्यंत जायची.

आमच्या पाड्यात प्रार्थनेची घरं तीन होती. बाकीच्यांचे देव डोंगरावर, रानात. आमच्या कुडाच्या भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस होता, बाने स्वतः तासलेला, थोडा वाकडा. आवणीला, भाताची रोपं लावायला, मात्र सगळे एकमेकांच्या शेतात, तिथे कोणाचा देव कोणता हे चिखलात कोणी विचारत नसे. दिवाळी झाली की आम्ही भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचो. माझं पहिलं स्थलांतर तेच, आईच्या पाठीवर बसून. बा साच्यात चिखल भरला की चारी कोपऱ्यांत अंगठा दाबायचा. दर विटेला चार वेळा. बाकीचे थापून मोकळे व्हायचे. मुकादम हसायचा, "अरे, ताजमहल बना रहा है क्या?" बा हिंदीत उत्तर देत नसे. तो आम्हाला सांगायचा, "ही वीट कुनाच्या घराला लागंल ते मला माहीत नाय. ज्याला माहीत हाय, तो बघतो."

दुसरं एक त्याचं लाडकं होतं. भाकर खाताना, मधेच, कोणी काही विचारलेलं नसताना म्हणायचा, "प्रभू तीस वर्सं सुतार होता. त्यानं केलेलं एक फळकूट आज कुठं राहिलं नाय. म्हनून काय त्यानं ढिलं काम केलं असंल?" आई म्हणायची, "नसंल केलं. आता जेव."

रविवारी बा कामाला हात लावत नसे. भट्टीवरसुद्धा. आंघोळ करून पांढरा सदरा घालायचा आणि धुराकडे तोंड करून बसून राहायचा, दुपार कलेपर्यंत. ती विश्रांतीही तो इतकी मन लावून घ्यायचा की आईला चीड यायची. "बसायचं पन कामच करतोस तू," म्हणायची. मला ते रविवार फार आवडायचे. मी त्याच्या मांडीला टेकून असायची, धूर वर वर जात असायचा, आणि मला वाटायचं की जगात कुणालाच कुठे जायचं नाहीये.

नाशिकला मिशनचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. तिथे कामाला मुलगी हवी असं आमच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका भाऊंनी बाला सांगितलं होतं. मी दहावी झालेली, एकोणीस वर्षांची. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये पहिल्या दिवशी मी नळ उघडला, बंद केला, परत उघडला. पाणी येतच होतं. मी घाबरून बंदच केला. अर्ध्या बादलीत आंघोळ करून ते साबणाचं पाणी मी दुसऱ्या बादलीत धरून ठेवलं, आणि रूममधल्या मुली बघत राहिल्या. हे कशाला ठेवलंस, त्यांनी विचारलं. तिथे ना गोठा होता ना वेल.

काम होतं ऑपरेशनची हत्यारं धुवायचं. लिसी सिस्टर आमच्या इन्चार्ज. केरळच्या, उंच, शिस्तीला कडक, पांढऱ्या कपड्यांवर कधी एक डाग दिसला नाही. त्यांची प्रार्थना वेगळी, आमच्या पाड्यावरची वेगळी, पण डोळे मिटल्यावरचा चेहरा मला ओळखीचा वाटायचा. त्यांनी मला तळहाताएवढे चिमटे, दाभणासारख्या बारीक नळ्या दाखवल्या. म्हणाल्या, "हे डोळ्याच्या आत जातं. बाहेर नाही, आत. पेशंटला तुझं तोंड कधी दिसणार नाही. डॉक्टरलाही नाही. फक्त देवाला दिसेल, आणि मला." हसल्या नाहीत. मी पण नाही. मला वाटलं, बाच नाशिकला सिस्टरचे कपडे घालून उभा आहे.

रीत अशी. ट्रे आला की हत्यारं आधी औषधाच्या पाण्यात भिजवायची. मऊ ब्रशने घासायची. मग नळाखाली, वाहत्या पाण्यात, मनात दोनशे मोजेपर्यंत धरायची. शेवटी वरून डिस्टिल्ड वॉटर ओतायचं आणि ते टाकून द्यायचं. टाकून द्यायचं, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. मग वाळवणं, कापडात बांधणं, आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने जंतू मारायचं यंत्र. त्या यंत्राचं दार उघडलं की खोलीभर वाफ व्हायची. श्रावणातल्या सूर्यमाळसारखी, समोरचं माणूस दिसायचं नाही. मी दुपारी त्या वाफेत उभी राहायची आणि दोन मिनिटं घरी जाऊन यायची.

पहिला महिना सिस्टर शेजारी असायच्या. दुसऱ्या महिन्यात मी एकटी, आणि नळ. आता काय सांगू. दोनशे मोजायचे म्हणजे एक कळशीभर पाणी सहज जायचं. स्वच्छ, गार, पिण्यासारखं. ते सिंकच्या जाळीतून गोल गोल फिरत जायचं. हा एक ट्रे म्हणजे आई अर्धा तास खड्ड्यात. असे दिवसाला सहा-सात ट्रे. मी आकडे मोजण्याऐवजी आईचे हंडे मोजायला लागले. आणि एक दिवस मी सिंकमध्ये स्टीलचं मोठं पातेलं ठेवलं.

घासलेली हत्यारं मी नळाखाली जराशी धरायची आणि शेवटचं पाणी पातेल्यात घ्यायची. पहिल्या ट्रेचं पाणी दुसऱ्या ट्रेला. दुसऱ्याचं तिसऱ्याला. दिसायला एकदम निवळ. हातात घेऊन बघितलं, वास घेतला, काही नाही. दिवसाच्या शेवटी ते पाणी मी मागच्या जास्वंदीला घालायची. मला वाटायचं मी मोठी शहाणी आहे. नुसती शहाणी नाही, मला ती भक्ती वाटायची. आईने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मी पाळत होते, काम हात न राखता आणि पाणी जपून. रात्री हॉस्टेलच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल देवाचे आभारसुद्धा मानले. आज ते आठवलं की लाज वाटते, आणि त्या पोरीची दयाही येते.

दहा-बारा दिवस असे गेले. एका बुधवारी सकाळी आदल्या दिवशीच्या पेशंटच्या पट्ट्या सोडल्या. मोतीबिंदूची पाच म्हातारी माणसं. त्यातल्या तिघांना नुसतं धुकं दिसत होतं. डोळे लाल, पाणी येत होतं. वॉर्डात एकदम गडबड झाली. मी ट्रे घेऊन ऑपरेशन थिएटरकडे जात होते. दाराशी मोठे डॉक्टर आणि सिस्टर बोलत होते. डॉक्टर एकेक कारण बोलून बघत होते. थेंबांचं औषध असेल, नवीन बॉक्स उघडू. लेन्स असेल. नाहीतर हत्यारांवर काहीतरी राहतंय.

"वॉशिंग नाही," सिस्टर म्हणाल्या. "ती मुलगी मन लावून करते. मी स्वतः शिकवलंय."

तेव्हा मला कळलं. ते भिजवायचं औषध. ते पाण्यात राहतं, दिसत नाही, ट्रेगणिक साठत पुढच्या ट्रेवर जातं, वाळतं, आणि तिथून डोळ्यात. टाकून द्यायचं असं त्यांनी तीनदा का सांगितलं, ते मला त्या कॉरिडॉरमध्ये, हातात ट्रे घेऊन, कळलं.

बाहेर बाकावर त्या दिवसाचे सात पेशंट बसले होते. कपाळाला चिकटपट्टी, त्यावर डावा की उजवा ते लिहिलेलं. दहा वाजता पहिलं ऑपरेशन. घड्याळात पाऊण तास होता. त्यांचे सातही ट्रे मी आदल्या संध्याकाळी धुतलेले, बांधलेले, कपाटात तयार. डॉक्टरांनी थेंबांचा नवीन बॉक्स मागवला होता आणि बाकी सगळं तसंच चालू राहणार होतं.

मी लगेच गेले असं लिहायला मला आवडलं असतं. नाही गेले. मी धुण्याच्या खोलीत येऊन दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. सांगितलं तर नोकरी जाणार हे नक्की. बाने खोडाळ्यापासून पाड्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगी हॉस्पिटलात आहे, डोळे बरे करते. परत गेले तर भट्टी. नाही सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. उद्यापासून मी दोनशे मोजले असते, पाणी टाकलं असतं, धुकं आपोआप थांबलं असतं आणि दोष थेंबांवर गेला असता. पण ते सात ट्रे कपाटात होते. ते मी कोणाला न सांगता परत धुवू शकत नव्हते, तेवढा वेळच नव्हता. प्रार्थना सुचली नाही. बाचं एकच वाक्य डोक्यात होतं, ज्याला माहीत हाय तो बघतो. लहानपणापासून ते मला गोड वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

"सिस्टर, मी पाणी टाकलं नाही," मी वॉर्डात त्यांना गाठून म्हणाले.

त्यांना कळेना. मी त्यांचा हात धरला, खरं तर त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती, आणि सिंकपाशी नेऊन पातेलं दाखवलं. एका ट्रेचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, सगळं सांगितलं. किती दिवस तेही सांगितलं. त्या अक्षरशः धावत गेल्या. ऑपरेशनं थांबली, बाकावरची सात माणसं चिकटपट्ट्या काढून वॉर्डात गेली, कपाटातला सगळा माल परत सिंकवर आला. तासाभराने सिस्टर माझ्याकडे आल्या आणि एवढंच विचारलं, "का?"

"वाया जात होतं," मी म्हणाले.

त्यांच्या गावी घराच्या मागून नदी जाते, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. त्या वेळी त्यांनी पातेल्यातलं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं आणि त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या तिघांजवळ तू बसायचं. बरे होईपर्यंत. नर्स थेंब घालेल, तू बसायचं. आणि कोणामुळे झालं ते तू सांगायचं."

तिघांतला एक म्हातारा आमच्याकडच्याच जामसरचा होता. बाकी दोघांना मी सांगितलं तर एक रडली आणि एका आजोबांनी चादर डोक्यावर ओढून घेतली. जामसरच्या बाबांनी आधी माझं गाव विचारलं. सूर्यमाळ म्हटल्यावर झिरा कुठे खणता ते विचारलं. मग मी सगळं सांगितलं. त्यांनी ते सावकाश ऐकून घेतलं, लाल डोळा मिटून.

"म्हंजी पानी फेकलं नाय, वाचवलं."

"हो बाबा."

"मंग मीबी तेच केलं असतं, पोरी," ते म्हणाले. सबंध नाशकात माझी चूक ज्याला कळली असा तो एकच माणूस, आणि डोळा त्याचाच होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पन डोळा गेला त मी आवनीला कसा जाऊ?" मी रडले, त्यांनी चाचपून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि प्रश्न तसाच राहिला.

पहिले चार दिवस मी तिथून हललेच नाही. ते दिवस मला एखाद्या लांब दुपारीसारखे आठवतात. पडदे ओढलेले, तासातासाला नर्स यायची, थेंब घालायची, जायची. मधल्या वेळात तिघंही अर्धवट झोपेत असायचे आणि मीसुद्धा. डोळा लागला की मला पाण्याचा आवाज यायचा, कुठेतरी नळ चालू आहे असा, आणि मी दचकून उठायची. एकदा बाबा झोपेतच आमच्याकडच्या बोलीत बैलाला हाक मारत होते. मी इतकी मागत होते देवाकडे, इतकी मागत होते, की शेवटी शब्द संपले आणि मी नुसती त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "तुझी ओढनी हिरवी हाय." ती हिरवीच होती. दुसऱ्या आजोबांना आठवडा आणि रडलेल्या बाईंना दोन आठवडे लागले, मी तोवर त्यांच्याजवळ बसत होते, आणि तेही दोघं नीट दिसत घरी गेले.

मोठे डॉक्टर मला काढणारच होते. सिस्टर म्हणाल्या, जिने स्वतः येऊन सांगितलं तिला घालवली तर पुढची कधीच सांगणार नाही. मला धुण्याच्या खोलीतून काढलं आणि झाडू-फडक्यावर घातलं. आठ महिने मी लादी पुसली. एक बादली पाण्यात सबंध व्हरांडा पुसायची, त्यात मला कोणी हरवलं नसतं.

मधे एकदा बा आला, नागलीचं पीठ घेऊन. मी त्याला हॉस्पिटलच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. समोरच्या अंगणात माळी पाईपने झाडांना पाणी घालत होता, बा तिकडे बघत होता.

"चूक मोठी केलीस," तो म्हणाला. "सांगितलंस, ते पन कामच होतं. ते नीट केलंस." एसटीची वेळ झाली तेव्हा उठता उठता म्हणाला, "पान्याला पन त्याचं काम असतंय. आपल्याकडं त्याचं काम घशात जायचं. हितं त्याचं काम व्हावून जायचं. त्याला त्याचं काम करू दे."

आठ महिन्यांनी सिस्टरनी मला परत सिंकपाशी उभं केलं. पहिल्या दिवशी मी नळ सोडला आणि दोनशे मोजताना रडत होते. पाणी हत्यारांवरून गेलं, जाळीतून गेलं, मी जाऊ दिलं. त्यानंतर आजपर्यंत एकाही ट्रेला एकशे नव्व्याण्णव मोजले नाहीत.

आता मी त्या खोलीची इन्चार्ज आहे. लिसी सिस्टर म्हाताऱ्या होऊन केरळला गेल्या. माझं लग्न इथेच झालं. मुलगी शॉवरखाली उभी राहून गाणी म्हणते आणि मी बाहेरून दारावर थापा मारते. घरी तांदळाचं पाणी अजून भांड्यांना जातं, शिफ्टवर नळ वाहतो. अशा दोन बाया माझ्यात राहतात आणि त्यांचं आता बरं जमलंय. रविवारी मी बासारखी बसून बघते, पण मोबाईल वाजतो, पाड्याच्या ग्रुपवर कोणीतरी लग्नाचे फोटो टाकतं, आणि बसणं राहून जातं. काम करायला मी त्याच्याकडून शिकले, थांबायला नाही. आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांचं तेच तर झालंय. आपण भाकरीसाठी म्हणून निघालो आणि मग नुसतेच धावत राहिलो. तुमच्याकडे नळ आलेत म्हणे आता, दारोदार. उन्हाळ्यात पाणी येतं की नाही ते कळवा.

बा गेला त्याला तीन वर्षं झाली. भिवंडीवरून जायची वेळ आली की मी खिडकीतून इमारती बघते. रंग, प्लास्टर, ग्रिलला वाळत घातलेले कपडे. आत कुठेतरी चारी कोपरे दाबलेल्या विटा असतील, आणि त्या घरात कोणीतरी दुपारचं निवांत झोपलं असेल. मला ते घर शोधायचं नाही. आहे, एवढं पुरतं.

गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मी तिला घेऊन आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला माझं काम बघायचं होतं. दाराच्या काचेतून तिने बघितलं. नळ धो धो चालू होता. ती काच वाजवायला लागली. "बंद कर ग तो." नाही करता येत, मी आतून हाताने खुणावलं. तिने तोंड फिरवलं. ते बघणं तिला सहन होत नव्हतं, आणि मला ते अगदी कळत होतं.

यादीत तिचा नंबर पाचवा होता. त्या दिवशीचे ट्रे मीच धुतले, पाचव्याला तर दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. भिजवला, घासला, नळाखाली धरला. हा आईचा, म्हणून यात काहीतरी जास्त करायचं असं माझ्या मनात होतं. ब्रश परत उचलला, कुठे फिरवू ते बघितलं. जागा नव्हती. दोनशे मोजून झाले होते. तीनशे मोजले असते, पण ते तिच्यासाठी नाही, माझ्या समाधानासाठी झालं असतं. चौथा ट्रे कोणाचा होता मला माहीत नाही, सहावाही नाही, आणि त्या दोघांतही मी काहीच राखून ठेवलं नव्हतं, की जे आईच्या ट्रेला जास्तीचं द्यावं. मी नळ बंद केला. खूप बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सुटली. आईने आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या केसांतल्या पांढऱ्याकडे, आणि म्हणाली, "म्हातारी झालीस की." मग हळूच, कोणी ऐकू नये असं, "माझं जरा जास्त घासलंस ना?"

"नाही आई. सगळ्यांचं घासते तेवढंच."

तिला वाईट वाटलं. तोंडावर दिसलं. ती भिंतीकडे वळून पडून राहिली आणि मी उगाच चादर नीट करत बसले. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, असंही मनात येऊन गेलं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, सटाण्याकडची की कुठली, एकटीच आलेली. तिची पट्टी सुटायची होती. नर्सचा पायरव ऐकला की ती खाटेची दांडी घट्ट धरायची. आई उठून बसली. पदर सारखा केला, पाय खाली सोडून, दोन खाटांमधून हात लांब करून तिने त्या बाईचा हात दांडीवरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"भिऊ नको," ती म्हणाली. "तुझं पन माझ्या पोरीनंच धुवलंय."

मला नाशिकला नोकरीला लागून पंधरा वर्षं झाली होती. त्या सकाळी, त्या दोन खाटांच्या मधे उभी असताना, मला पहिल्यांदा वाटलं की मी घरी आहे.